खडी कोणाच्या सोयीची?

1972 च्या दुष्काळात बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्यातील माणसे खडी फोडावयास बसली. मे 1973 मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. हातोडीखाली कोणता दगड टणकन वाजतो आणि कोणता भुसभुशीत होतो, हे त्या हातांना प्रयोगशाळेवाचून कळत असे. आता खडी क्रशरवर फुटते आणि दगडाची निवड हा ठेकेदार व अभियंता यांच्यातला मामला समजला जातो. तो तसा नाही.

या तालुक्यांखाली दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे. पण सगळाच काळा दगड सारखा नव्हे. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला. घट्ट दगडाला डांबर चांगले धरते. सच्छिद्र दगड पाणी पितो, डांबराचे आवरण सुटते आणि पावसाळ्यात खड्डा पडतो. चपटी खडी वजनाखाली मोडते; धुळीने माखलेल्या खडीला डांबर चिकटतच नाही. पण नुसता टणकपणाही पुरत नाही. बारीक, एकसारख्या कणांचा दगड चाकांखाली घासून गुळगुळीत होऊ शकतो. उन्हाळ्यात ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या पावसात ब्रेक दाबणाऱ्याच्या येते.

म्हणूनच केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत डांबरी काँक्रीटच्या वरच्या थरासाठी, घासल्यानंतर उरणाऱ्या खरखरीतपणाचा अंक किमान 55 हवा, जलशोषण 2 टक्क्यांवर नको आणि चपटी व लांबट खडी मिळून 35 टक्क्यांवर नको, असे बंधन आहे. नियमात खोट नाही. खोट हिशेबात आहे. खडी हा जड माल, वाहतुकीचे अंतर वाढले की खर्च वाढतो. निविदा कमीत कमी दराने घेतलेल्या ठेकेदाराला जवळची खाण, मग ती कशीही असो, मोह घालते. वाचलेले पैसे त्याचे. रस्ता निसरडा झाला तर किंमत मोजतो तो बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून मोटारसायकलवर परतणारा कामगार, किंवा भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या वाटेवर उसाची गाडी हाकणारा तोडणी मजूर. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य खर्च’ म्हणतात. शब्द फारच सभ्य आहे.

चाचणीचे दाखले फायलीत असतात, हे खरे. पण तपासलेला नमुना एका खाणीतला आणि रस्त्यावर पडलेली खडी दुसऱ्या खाणीतली नाही, याची हमी फाईल देत नाही. खाणीचे नाव आणि चाचणीचे आकडे काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा केवळ कागदांपुरता नाही. सार्वजनिक कामावरील साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही त्यात आहे. दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यानंतरच्या डांबरीकरणाच्या कामांवर हा अर्ज करावा, आणि तो डांबर पडण्याच्या आधी करावा.