काचेखालचे सात पोपट

ग्रंथालयात गेले की आपण पुस्तक मागतो, पाने चाळतो. पण ज्याचे पान वाचकाने उलटायचेच नाही, असे पुस्तक तुम्ही कधी पाहिले आहे का? जॉन जेम्स ऑड्युबनच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’चा थाट तसा आहे. अमेरिकेतील काही ग्रंथालयांत ते काचेच्या पेटीत उघडून ठेवतात. एका वेळी एकच चित्र दिसते. उजेडाने रंग विटू नयेत म्हणून ठरावीक दिवसांनी तिथली मंडळी पान बदलतात.

आणि पान तरी केवढे! चांगले सव्वातीन फूट उंच! प्रत्येक पाखरू त्याच्या मूळच्या आकाराचेच दिसले पाहिजे, हा चित्रकाराचा हट्ट. उंच रोहित पक्ष्याला मान वाकवून पानात बसवावे लागले. १८२७ ते १८३८ या काळात अशी ४३५ चित्रे तांब्याच्या पत्र्यांवरून छापली आणि हाताने रंगवली गेली.

त्यातल्या २६व्या चित्रापाशी मात्र पाऊल अडते. हिरव्या अंगाचे, पिवळ्या डोक्याचे सात पोपट एका रानटी झुडपावर बसले आहेत. कपड्यांना चिकटतात तसली काटेरी बोंडे हा त्यांचा आवडता खाऊ. हे कॅरोलिना पोपट शेतकऱ्याला नको असलेले ते तण खात, तशी त्याची फळे आणि धान्यही खात. आपल्याकडे माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकतात. तिथे बंदुका निघाल्या. त्यात या पाखरांचा स्वभाव असा की, एक पडले की बाकीची उडून न जाता त्याच्याभोवतीच घिरट्या घालीत. मग काय, थव्याचा थवा जमिनीवर!

ऑड्युबन तरी निराळा कुठे होता? नमुन्यांसाठी थोड्याच बारांत टोपलीभर पोपट मिळाल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. आणि हे पोपट झपाट्याने कमी होत आहेत, हेही १८३१ साली त्यानेच लिहिले. कोणी ऐकले नाही. पुढे २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात ‘इन्कास’ नावाचा नर मेला. पिंजऱ्यातला तो शेवटचा.

पेटीतले पान आज उलटले, तरी पुढे कधीतरी ते सात पोपट पुन्हा समोर येतील. पण कागदावरच.