खाज एकाची, इलाज घराचा



घरात कुणाला ताप आला की शेजारच्या खालासुद्धा विचारपूस करायला येतात. गुडघेदुखीची कहाणी तर लग्नाच्या दस्तरखानावरही सांगितली जाते. पण जांघेत, कमरेला, छातीखाली महिनोन्‌महिने खाज सुटते आहे, हे बायको नवऱ्याला सांगत नाही आणि मुलगी आईला सांगत नाही. जो तो आपापल्या परीने खाजवतो, गुपचूप एक ट्यूब आणतो आणि गादीखाली लपवून ठेवतो. एकाच घरात अशा तीन-तीन ट्यूबा निघतात, आणि एकाची दुसऱ्याला खबर नसते. या महिन्यात बोलायचे आहे ते या लपवलेल्या दुखण्याबद्दल.

भांडुप पश्चिमेचा डोंगरउतार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुखणे इथे का मुक्काम करते ते सांगावे लागणार नाही. मुंबईच्या फार मोठ्या भागाला पुरवले जाणारे पाणी महापालिकेच्या भांडुप संकुलात शुद्ध होते. आणि त्याच भांडुपच्या उंचावरच्या गल्ल्यांत सकाळी नळाला पाणी असेपर्यंत पिंपे भरून घ्यावी लागतात. एका खोलीत पाच-सहा माणसे, एक मोरी, एक दोरी, तिच्यावर दोन टॉवेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे घरातच पंख्याखाली वाळवायचे, आणि सकाळी शाळेची घाई झाली की तसेच दमट अंगात घालायचे. यात कुणाचा गलिच्छपणा नाही. जागा कमी, हवा दमट आणि पाणी मोजून, एवढेच खरे. त्यामुळे खाज ही लाजेची गोष्ट आहे, हा समज आधी बाजूला ठेवू या.

सतत सुटणाऱ्या खाजेची कारणे पुष्कळ आहेत, पण आपल्या वस्त्यांत दोन फार दिसतात. एक नायटा, म्हणजेच गजकर्ण. दुसरी खरूज. दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे, म्हणून फरक समजून घ्यायला हवा.

नायटा ही बुरशी आहे. कातडीवर गोल चट्टा उठतो, त्याची कड लाल आणि उंचावलेली असते, मध्यभाग जरा साफ दिसतो, आणि चट्टा हळूहळू बाहेरच्या बाजूने वाढत जातो. घाम साचतो तिथे तो जास्त: जांघ, कंबर, काख, छातीखाली. खरजेचे तसे नाही. खरूज होते ती डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल अशा किड्यामुळे. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, नाभीभोवती, कमरेला बारीक पुळ्या येतात आणि रात्री अंथरुणात शिरले की खाज असह्य होते. घरात एकापेक्षा जास्त माणसे रात्री खाजवत असतील, तर आधी खरजेचाच संशय घ्यावा.

आता त्या गादीखालच्या ट्यूबेबद्दल. आपण औषधाच्या दुकानात जातो, हळू आवाजात "खाजेचं काहीतरी द्या" म्हणतो आणि समोरून एक मलम मिळते. ते लावले की दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. आठ दिवसांनी ट्यूब बंद केली की चट्टा पुन्हा हजर, या वेळी दुप्पट मोठा. मग पुन्हा तीच ट्यूब. असे वर्ष-वर्ष चालते.

यामागचे कारण साधे आहे. यांतल्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. बुरशी आली की आपली कातडी तिच्याशी झगडते. लाली आणि खाज ही त्या झगड्याचीच खूण. स्टिरॉइड हा झगडाच थांबवते. आपल्याला वाटते आराम पडला, पण पहारेकरी झोपला म्हणून चोर गेला असे होत नाही. बुरशी निवांत पसरत राहते. शिवाय जांघेसारख्या नाजूक जागी असे मलम फार दिवस लावले तर कातडी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे व्रण पडतात. ते पुढे पुसले जात नाहीत. चेहऱ्यावर गोरेपणासाठी हीच मलमे लावणाऱ्या मुलींना लाली, मुरुमे आणि नको तिथे केस असा त्रास होतो.

भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध बरीच वर्षे ओरड करत आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातले. तरीही न विचारता ट्यूब हातात पडतेच. दरम्यान बुरशीही हट्टी झाली आहे. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी नायट्याच्या एका प्रकाराला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे वेगळे नाव दिले. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही, आणि आता ती परदेशांतही पोहोचली आहे.

म्हणून घरातल्या इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक काम द्यावे. घरातल्या सगळ्या ट्यूबा गोळा करून त्यांच्यावरची बारीक अक्षरे वाचायला सांगावीत. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिले असेल तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड हे विष नव्हे. इसब किंवा इतर काही आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात आणि तिथे ते उपयोगीच आहे. पण नायट्यावर स्वतःच्या मनाने ते लावू नये. बरेच दिवस लावत असाल तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखवावी, लपवू नये. पालिकेच्या सायन आणि केईएम यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत त्वचेचा स्वतंत्र विभाग आहे. रांग लांब असते हे खरे, पण वर्षभर चुकीच्या ट्यूबांवर जाणारे पैसे मोजले तर एक दिवसाची खाडा-मजुरी स्वस्त पडते.

नायट्याचे औषध सुरू झाले की सबर हवा. गोळ्या आणि मलम कित्येक आठवडे चालतात. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवायचे. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावायचे, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे पोहोचलेली असते. टॉवेल, आतले कपडे, मोजे ज्याचे त्याचे वेगळे. कपडे उलटे करून उन्हात वाळवावेत आणि पावसाळ्यात शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. घट्ट जीन्स आणि घट्ट लेगिंगऐवजी सैल सुती सलवार बरी. बुरखा सिंथेटिक कापडाचा असेल तर आत सुती कपडे असावेत आणि घरी आल्यावर घामेजलेले कपडे लगेच बदलावेत. वुजूनंतर पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करावी, आणि मशिदीच्या वुजूखान्याजवळ टांगलेला सगळ्यांचा टॉवेल वापरण्यापेक्षा खिशात आपला रुमाल ठेवावा.

खरजेचा इलाज यापेक्षा कमी दिवसांचा, पण शिस्तीचा. आमच्या वर्गातला एक मुलगा पहिल्या तासाला डोके बाकावर टेकून झोपायचा. त्याच्या बोटांच्या बेचक्या पुळ्यांनी भरलेल्या होत्या, पेन नीट धरता येत नव्हता. अम्मी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी घरातल्या सातही जणांना औषध दिले आणि एकाच रात्री लावायला सांगितले. सहा जणांनी लावले. दादाजान म्हणाले, "मला कुठे खाज आहे?" नातू झोपायचा तो दादाजानच्याच कुशीत. महिन्याभरात सगळे घर पुन्हा खाजवू लागले.

दादाजान खोटे बोलत नव्हते. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा किडा अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस स्वतः बरा दिसतो आणि दुसऱ्याला देत राहतो. म्हणूनच खाज असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री औषध लावायचे असते. दुसऱ्या खेपेला दादाजानही तयार झाले, आणि मगच त्या घराला रात्रीची झोप मिळाली.

औषध बहुतेक वेळा परमेथ्रिन पाच टक्के हे मलम असते. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, नाभीत, लाजेच्या जागीसुद्धा ते लावायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी आंघोळ करायची. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. आठवड्याने तोच क्रम पुन्हा करायचा. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना वेगळे विचारावे. त्याच सकाळी चादरी, उशांचे अभ्रे, अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवावेत. एवढे पाणी त्या दिवशी मिळणार नसेल किंवा गोधडी धुता येणार नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. माणसाच्या अंगाशिवाय हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडू नये. आणि शाळेबद्दल सांगायचे तर, पहिला उपचार झाला की मूल दुसऱ्या दिवशी वर्गात येऊ शकते. त्याला वेगळ्या बाकावर बसवायची गरज नाही. हे आम्हा शिक्षकांनीही लक्षात ठेवायला हवे.

या किड्याचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. बाराव्या शतकात अंदलुसच्या इश्बीलिया शहरात, म्हणजे आजच्या सेव्हिलमध्ये, इब्न जुहर हे नामांकित हकीम होऊन गेले. कातडीखाली वावरणाऱ्या या बारीक जीवाची नोंद त्यांनी केली होती. पुढे युरोपातले मोठे मोठे डॉक्टर खरजेला रक्तदोष समजत राहिले. 1834 मध्ये पॅरिसमध्ये कॉर्सिका बेटावरच्या एका विद्यार्थ्याने सुईच्या टोकाने किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही रीत त्याने पाहिली होती ती आपल्या बेटावरच्या साध्या बायकांकडे. मुलाचा हात हातात घेऊन नीट पाहणाऱ्या आईला जे दिसते, ते कधीकधी विद्वानालाही दिसत नाही.

खाज दोन्हींपैकी कशाचीही नसेल तर? उतारवयात कातडी कोरडी पडून खाज सुटते. तिथे कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, कमी साबण, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते, पण नंतर खाज वाढते. खाजवण्याऐवजी थंड पाण्यात भिजवलेले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे, नखे कापलेली असावीत. लसूण, लिंबू, व्हिनेगर किंवा न मिसळलेले जंतुनाशक द्रव लावून कातडी भाजून घेऊ नये. अंगावर पुरळ नाही आणि तरी सर्वांगाला आठवडेच्या आठवडे खाज आहे, तर मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, रक्त यांच्या तपासण्या लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना फार खाज सुटू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. ती यकृताच्या त्रासाची खूण असू शकते आणि बाळाला धोका असतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अनस (र.) यांच्याकडून एक नोंद आहे. हजरत जुबैर (र.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना अंगाला खाज होती, म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रेशमी वस्त्र वापरायची परवानगी दिली. पुरुषांसाठी रेशीम मना आहे हे आपण जाणतोच. त्या मनाईतून सवलत मिळाली ती खाजेसाठी. या दोन थोर सहाबांनी आपली तक्रार लपवली नाही, आणि ती ऐकणाऱ्यांनी ती क्षुल्लकही मानली नाही.

मग आपल्या घरात सून, मुलगी, म्हातारे अब्बा यांनी ती का लपवावी? येत्या जुम्म्याला जेवण झाल्यावर सगळे घर एकत्र असेल, तेव्हा एवढेच विचारा: "कुणाला कुठे खाज आहे का?" कुणी लगेच बोलणार नाही. तेव्हा विचारणाऱ्यानेच आपली ट्यूब आधी पुढे ठेवावी.