अपुऱ्या दिवसांची बाळे आणि दाराबाहेरचे आईबाप

दरवर्षी १७ नोव्हेंबर हा दिवस जगभर मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ म्हणजे मुदतपूर्व बाळ. आपल्या घरांतून त्याला 'अपुऱ्या दिवसांचे' म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मास आली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली. दुसऱ्या कोणत्याही देशात ही संख्या एवढी मोठी नव्हती.

एका बाबतीत सातारा व सांगली जिल्ह्यांची परिस्थिती पूर्वीपेक्षा निश्चितच सुधारली आहे. एके काळी अशा बालकासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. आता साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासारख्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांसाठी विशेष कक्ष आहेत. कराड, सांगली आणि मिरज येथील मोठ्या रुग्णालयांतूनही ही सोय झाली आहे. मिरज तर १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केल्यापासूनच दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बालकाचे औषधोपचार, तपासण्या व वाहन विनामूल्य मिळते. यंत्रे जिल्ह्यात आली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या यंत्रांशेजारी आईला जागा मिळाली आहे काय, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. आणि बालकाच्या जगण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

'बाळाला काचेत ठेवले आहे', एवढेच वाक्य नातेवाइकांपर्यंत पोहोचते. त्या काचेच्या पेटीत नेमके काय चालते, हे पालकांना बहुधा कोणी समजावून सांगत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे पूर्ण तयार झालेली नसतात. त्वचेखाली चरबी नसल्याने त्याचे अंग लवकर गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांपर्यंत बसत नाही, म्हणून दूध नळीने द्यावे लागते. जंतुसंसर्गाची भीती सदैव असते. नाकातील नळी आणि सतत वाजणारे यंत्र पाहून आई घाबरते. दिवसातून एक-दोन वेळा काचेआडून दर्शन, बाहेर बाकावर बसलेले आजोबा, आणि 'वजन किती भरले?' म्हणून येणारे फोन, असे आठवडे जातात. त्यातच 'सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही' हा जुना समज कोणीतरी ऐकवतोच. वैद्यकीय अनुभव नेमका याच्या उलट आहे. गर्भात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

आई व बाळ एकाच गावात असतील तरी पुष्कळ झाले, असे म्हणण्याची वेळ अनेकदा येते. जतच्या पूर्व टोकाच्या गावांपासून सांगली शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातून तर लाँचने पाणी ओलांडून यावे लागते. प्रसूती लहान रुग्णालयात होते, बाळाला रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात हलवले जाते आणि टाके पडलेली आई मागे राहते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. त्यामुळे पिताही दूर असतो. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातील तरुण परप्रांतातील शहरांतून सोने-चांदी गाळत असतात, तर जावळी-पाटणची माणसे मुंबईत माथाडी कामावर. बाळासोबत रुग्णवाहिकेत बसते ती आजी किंवा मामा. कागदावर सही त्यांची आणि डॉक्टरांचे बोलणे ऐकणारेही तेच. आईला ते उडत उडत कळते. तिला दूध येत असते, मात्र बाळ समोर नसते. ते दूध दर दोन-तीन तासांनी काढून पोहोचवले नाही, तर काही दिवसांत आटू लागते. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आतड्याच्या गंभीर आजारापासून वाचविण्यात आईच्या दुधाचा वाटा मोठा आहे.

विनामूल्य उपचार म्हणजे विनाखर्च उपचार नव्हे. वर उल्लेखिलेल्या शासकीय कार्यक्रमाच्या मूळ मांडणीत मातेला मोफत आहार मिळण्याची मर्यादा साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस व शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस अशी ठेवली होती. सव्वा किलोचे बाळ रुग्णालयात महिनाभर किंवा अधिकही राहू शकते. उरलेल्या दिवसांत आईने कोठे झोपावे आणि काय खावे? दूध तर तिनेच द्यायचे असते! नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. बाळ मुदतपूर्व जन्मल्यामुळे आजारपण आल्यास जास्तीत जास्त एक महिना अधिक पगारी रजेची तरतूदही कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून नवजात बालक रुग्णालयात असल्यास आईवडील दोघांनाही १२ आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते. आपल्याकडील बहुसंख्य माता मात्र अशा कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

ऊसतोडीला आलेल्या स्त्रीचे उदाहरण पाहावे. गळीत हंगामात बीड व इतर दुष्काळी भागांतून हजारो जोडपी कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगावर. गरोदरपणातही मोळ्या उचलणे चालूच असते. अशा स्त्रीचे बाळ वेळेआधी आले आणि तिला रुग्णालयात राहावे लागले, तर कोयता अर्धा होतो, खाडे पडतात, उचल फिटत नाही. पुढे मुक्काम हलतो, आणि आई बाळाला सोडून जावे की जोडीदाराला, अशा कोंडीत सापडते. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बाळ घरी नेणाऱ्या पालकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या अंगावरील उचल फेडायला मात्र कोणी येत नाही.

आईला आत घेणे ही केवळ दयेची गोष्ट नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी, पेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच 'कांगारू मातृसंगोपन' म्हणून ओळखली जाते. प्रदीर्घ काळ असा समज होता, की बाळ स्थिर झाल्यावरच ती वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात (दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यांतील एक) १ किलो ते १.८ किलोच्या दरम्यानच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले गेले. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हा फरक एवढा स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला आणि २०२२ साली संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या. या अभ्यासात बाळे दिवसाचे सुमारे १७ तास आईच्या अंगावर होती. म्हणजे आईला विभागातच खाट हवी, तिच्या टाक्यांची काळजी तेथेच व्हायला हवी, आणि ती थकल्यावर बाप किंवा आजी यांनाही ती जागा घेता यायला हवी. केंद्र शासनाने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ सालीच काढली आहेत. नवे विभाग बांधताना खाटांसाठी जागा ठेवण्याचा प्रश्न आहे. तो यंत्रखरेदीइतका महाग नाही.

आणखी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८५१ होत्या. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे स्त्रीभ्रूणांचे अवशेष सापडले. नवजात बालकांच्या शासकीय कक्षांत देशभरच मुलींपेक्षा मुलगे अधिक दाखल होतात. मुलगे जन्मतः अधिक नाजूक असतात, हे त्याचे एक कारण खरे. ते एकच कारण आहे, असे मानणे मात्र कठीण आहे. मुलीसाठी महिनाभर रुग्णालयात बसायचे की नाही, हा निर्णय पुष्कळदा आईला न विचारताच बाकावर होतो. आई आत, बाळाजवळ असेल, तर तो तितक्या सहज होणार नाही.

कॅथलिक कुटुंबांपुढे अशा वेळी बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा राहतो. जीवाला धोका असलेल्या बालकाला विलंब न लावता बाप्तिस्मा द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू येईपर्यंत वेळ नसेल, तर योग्य हेतू बाळगणारी कोणतीही व्यक्ती तो देऊ शकते. पालकांच्या विनंतीवरून अन्य धर्मीय परिचारिकादेखील. पाणी डोक्यावरून वाहावे आणि पवित्र त्रैक्याच्या नावाने शब्द उच्चारले जावेत, एवढे पुरे. पाण्याचे प्रमाण किती, याचा नियम नाही. अतिदक्षता विभागात थोडे निर्जंतुक पाणी परिचारिकेकडूनच मागून घ्यावे. नंतर धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्याची नोंद करावी. आणि बाप्तिस्म्याआधीच बाळ गेले, म्हणून स्वतःला दूषणे देणाऱ्या आईबापांना हेही ठाऊक असावे, की अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात म्हटले आहे.

बाळ घरी येते तेव्हा बारशाची घाई सुरू होते आणि तपासण्या मागे पडतात. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावाच लागतो. अगदी लहान बाळांचा त्याहूनही आधी. या आजारात डोळे बाहेरून निरोगी दिसतात आणि उपचाराची वेळ काही आठवड्यांत निघून जाते. चेन्नईच्या शासकीय रुग्णालयात १९९६ साली २९व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झाली नाही. तिची दृष्टी गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. तोवर ती १८ वर्षांची झाली होती. रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावर डोळ्यांच्या व कानांच्या तपासणीची तारीख लिहिली आहे काय, हे पाहावे. नसल्यास तेथेच मागून घ्यावी. गावातील आशा सेविका ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळाचे वजन घेते. या भेटींची पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून देशभर पोहोचली. त्या कागदाची एक प्रत तिच्याकडेही द्यावी.