काकांचं लॉगबुक

1 जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागचा बाबासाहेबांचा पाठपुरावाही भाषणांतून सांगतो. पण आमचे मोठे काका हवाई दलात एएन-12 या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर होते, हे वस्तीतल्या किती पोरांना ठाऊक आहे? चार इंजिनांचं तापमान, तेलाचा दाब, इंधन, सगळं त्यांच्या नजरेखाली. लेहला रसद नेताना खाली हिमालय. बिघाड झाला तर उतरायला जागा नाही.

सैन्यभरतीत जातीचं आरक्षण नाही. तरी काकांच्या शोकसभेला आलेला एक सवर्ण गृहस्थ म्हणालाच, "कोट्यातून लागले असतील." आम्ही लॉगबुक उघडून पुढे ठेवलं. तारीख, विमान, उड्डाणाचे तास. तो गप्प झाला. पटलं असेल असं नाही.

खरा राग मात्र आपल्याच मंडळींवर आहे. जयंतीच्या फ्लेक्सवर नगरसेवकाच्या मेव्हण्यालाही जागा मिळते, तीस वर्षं आकाशात काढलेल्या माणसाला नाही. त्याची कागदपत्रं रद्दीत जातात. 14 एप्रिलपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक निवृत्त सैनिकाचं लॉगबुक, डिस्चार्ज बुक स्कॅन करून विहारात ठेवू या. काकांचं आम्ही याच रविवारी आणतोय.