कानांनाही सकस आहार हवा

या सदरात मी बहुधा काय खावे, काय टाळावे आणि रोज किती चालावे यावर लिहितो. आज कानांच्या आहाराविषयी लिहिणार आहे, तेही व्हायोलिन आणि गिटार या दोन वाद्यांच्या निमित्ताने. डॉक्टरांना हे कुठले सुचले, असे काहींना वाटेल. पण मानपाडा रोडवर दवाखाना चालवताना रोज असे रुग्ण भेटतात, की ज्यांची तक्रार औषधाच्या बाटलीत मावत नाही. झोप लागत नाही, जीव रमत नाही, छातीत धडधडते. ईसीजी काढावा तर तो चांगला येतो. घरात टीव्ही दिवसभर सुरू असतो, हातात मोबाईलही असतो. पण समोर बसून कुणी वाद्य वाजवले आणि तुम्ही ते ऐकले, असे शेवटचे कधी घडले, असे विचारले की बरेच जण छताकडे पाहू लागतात.

आपल्या भागाने तरी हे विसरू नये. गायक आणि व्हायोलिनवादक पंडित गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) आयुष्याच्या उत्तरार्धात डोंबिवलीत राहत होते. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला हा माणूस. उल्हास कशाळकर त्यांचेच शिष्य. शेजारच्या कल्याणात गायन समाजाची स्थापना १९२६ सालची. म्हणजे ऐकण्याची सवय इथे नवी नाही, मध्येच कुठेतरी सुटली आहे.

व्हायोलिन मूळचे युरोपचे, पण आपल्या लोकांनी त्याला मांडी घालून बसायला शिकवले. वाद्याचे टोक पायाच्या घोट्यापाशी टेकवतात, तारा षड्ज-पंचमात लावतात. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, सतारीसारखे पडदे नाहीत. बोट जिथे पडेल तो स्वर. म्हणूनच त्यातून गळ्यासारखी मींड निघते. प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांच्या वादनाला 'गाणारे व्हायोलिन' म्हणत, ते काही उगीच नव्हे. गोव्यात हेच वाद्य हनुवटीखाली धरतात. तिथे मांडो गाताना व्हायोलिन, गिटार आणि घुमट अशी साथ असते. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील त्या गाजलेल्या गाण्यातले अँथनी गोन्साल्विस हे नावही एका खऱ्या गोमंतकीय व्हायोलिनवादकाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे. गिटारचेही तसेच. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत तेच आहेत. तिकडे आयर्लंडमध्ये व्हायोलिनला फिडल म्हणतात आणि गावच्या पबमध्ये टेबलाभोवती बसून, कागद न पाहता, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या चाली वाजवतात. रंगमंच नाही, तिकीट नाही. (त्या टेबलावरच्या पेल्यांची शिफारस मात्र मी करणार नाही.)

आता आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांची १४ वर्षांची पाहणीही प्रसिद्ध झाली. दर काही महिन्यांनी मैफल, नाटक, प्रदर्शन अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळले. यावरून 'संगीत ऐका आणि आयुष्य वाढवा' अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका. जे जाऊ शकतात ते मुळातच थोडे धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी असतात. संशोधकांनी तो हिशेब धरला होता, तरी कार्यकारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. माझे स्वतःचे मत असे, की अर्धा गुण स्वरांचा आणि अर्धा तिथे जाण्याचा. आंघोळ करायची, इस्त्रीचा सदरा घालायचा, जिना उतरायचा, शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाशी बोलायचे. टीव्हीवर गाणे लागले म्हणून कुणी सदरा बदलत नाही.

माझे एक रुग्ण आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर त्यांनी घराबाहेर पडणे सोडले होते. केसपेपरवर दर महिन्याला तेच: झोप नाही. तरुणपणी शिकलेले व्हायोलिन कपाटावर पडून होते, तारा गंजलेल्या, गजाचे केस तुटलेले. इमारतीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा गिटार वाजवतो. "आजोबा, ते खाली काढा ना," म्हणून तो मागे लागला आणि तारा त्यानेच आणून दिल्या. बोटे आखडलेली होती. वाजवण्याआधी दहा मिनिटे कोमट पाण्यात हात ठेवा, एवढाच माझा सल्ला. आता दर रविवारी संध्याकाळी इमारतीच्या हॉलमध्ये आजोबा जुनी भावगीते वाजवतात, मुलगा गिटारची साथ धरतो आणि दहा-बारा माणसे सतरंजीवर बसून ऐकतात. मीही दोनदा गेलो. सूर मध्येच हलतो, पण ऐकणारे हलत नाहीत. रक्तदाबाची गोळी बंद झालेली नाही, होणारही नव्हती. झोपेची गोळी मात्र त्यांनी मागणे सोडले.

सोसायटीच्या एका सभासदाने तिथे मोठी साउंड सिस्टिम लावू असे सुचवले, तेव्हा आजोबांनी अक्षरशः हात जोडले. माझा खरा मुद्दा इथे आहे. आपल्याकडे संगीत म्हणजे आवाज, असे समीकरण झाले आहे. हळद असो, मिरवणूक असो की सोसायटीचा वर्धापनदिन, भिंती हादरल्याशिवाय कार्यक्रम झाला असे वाटत नाही. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबल कानाला आठ तास सोसते, पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग दोन-चार वर्षांत तोच माणूस बैठकीतली मींड ऐकू येत नाही म्हणून जाणे सोडतो आणि घरात एकटा पडतो. दहा-बारा माणसांच्या खोलीत ध्वनिवर्धकाशिवाय वाजलेले व्हायोलिन ऐकणाऱ्याला अपाय करत नाही. वादकाने मात्र काळजी घ्यावी. हनुवटीखाली धरून तासन् तास सराव करणाऱ्यांचा डावा कान आधी कमजोर होऊ शकतो.

सोसायट्यांच्या समित्यांना माझी विनंती आहे, की वर्षाकाठी एका डीजेवर जो खर्च होतो, त्यात जवळपासच्या शिकवण्या घेणाऱ्या वादकांच्या बैठका ठेवून पाहा, हॉलमध्ये, पंखा मंद करून. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना व्हायोलिन चिरके वाटत असेल तर यंत्राला दोष देऊन ते खिशात टाकू नका. ते मुळात बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, ते यंत्र देणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. आणि कान नुसतेच दडे बसल्यासारखे वाटत असतील तर काडी घालू नका. मळ असेल तर थेंब टाकून चार दिवसांनी दवाखान्यात या, काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.