नौका लहान, दिवा उंच

रात्री कयाकमधून मासेमारी करणारा मनुष्य पाण्याच्या इतक्या निकट बसलेला असतो, की वेगाने येणाऱ्या यांत्रिक नौकेच्या तांडेलास त्याची आकृती काळोख्या लाटांतून निराळी ओळखणे दुरापास्त होते. समुद्रावरील टक्करी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी पंचविसावा नियम वल्ह्यांच्या नौकेस बाजूचे व पिछाडीचे दिवे लावण्याची मुभा देतो. ते नसल्यास पांढऱ्या प्रकाशाची विजेरी वा कंदील हाताशी ठेवून वेळीच दाखवावा, एवढीच तजवीज त्यात आहे. परंतु ज्याचे हात वल्ह्यात किंवा गळाच्या दोरीत गुंतलेले आणि ज्याची पाठ येणाऱ्या संकटाकडे वळलेली, त्याने ऐन वेळी विजेरी चाचपावी, ही व्यवस्था मला सर्वथा अपुरी वाटते. म्हणून या सवलतीवर न विसंबता, पिछाडीस काठी उभारून, मस्तकाहून उंच व चोहोबाजूंनी दिसणारा स्थिर पांढरा दिवा प्रत्येकाने सूर्यास्तापासून लावून ठेवावा, विजेरी त्याच्या जोडीस असावी, आणि बोयांच्या खुणांशी घोटाळा करणारे लुकलुकते दिवे वर्ज्य मानावेत. स्वतःचे अस्तित्व इतरांस वेळीच कळविणे हे केवळ आत्मरक्षण नव्हे. अनवधानाने कोणाच्या मृत्यूस कारण होण्याच्या आपत्तीतून त्या तांडेलाचेही ते रक्षण आहे.