हुकूम लिहायचा कोणी?

पगार कमी मिळाला म्हणून एकटी बाई कोर्टात कुठवर टिकणार? यासाठीच अमेरिकेत सामुदायिक दाव्याची सोय आहे. काही जण सर्वांच्या वतीने उभे राहतात. पण आधी न्यायाधीशाने तो गट मान्य केल्याचा हुकूम द्यावा लागतो. माणसे पुष्कळ आहेत का, प्रश्न सामाईक आहे का, पुढे आलेल्यांचे गाऱ्हाणे बाकीच्यांसारखेच आहे का, ते सर्वांचे हित सांभाळतील का, हे पुराव्यावरून तपासायचे असते. वॉलमार्ट दुकानांतील सुमारे १५ लाख बायांचा गट २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. त्यांचा प्रश्न सामाईक ठरला नाही, असे बहुमत पडले. एवढ्या जणींची एकजूट एका निकालाने तुटली!

असा हुकूम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यावा काय? कागदांचे ढीग चाळायला यंत्र जरूर घ्यावे. पण चारही कसोट्यांवर सुबक वाक्ये जुळवणे त्याला सोपे आहे. त्यामागे पुरावा आहे की नाही, हे वाक्यावरून कळत नाही. २०२५ साली तिथल्या दोन फेडरल न्यायाधीशांना वेगळ्या खटल्यांतले आपले आदेश मागे घ्यावे लागले. कार्यालयातील सहकाऱ्यांनी मसुद्यासाठी असे यंत्र वापरले होते आणि चुका तशाच राहिल्या होत्या. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जिल्हा न्यायालयांना निकाल ठरवण्यासाठी यंत्र वापरण्यास मनाई केली.

आमचे म्हणणे एवढेच, की मसुदा कोणीही टाईप करो, पुरावा न्यायाधीशाने स्वतः वाचावा. लाखोंचे गाऱ्हाणे ऐकणारा आणि त्याचा जाब देणारा माणूसच हवा.